शून्य पूर्णांक चारच्या पुढे

ताई रक्तदाबाची गोळी पाकिटातून काढून चहाच्या बशीत ठेवायची. चहा प्यायची, कप विसळायची. गोळी बशीतच राहायची.

पेन कानामागे खोचायची आणि तेच पेन विभागभर शोधायची. कोणी सांगितलं नाही तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायची. चौथ्यांदा बघायला अर्ध्या जिन्यातून परत यायची.

लिहिता लिहिता मधेच उठावं लागलं की त्या जागी पेन्सिलीने बारीक टिंब करायची. परत आल्यावर टिंब खोडून पुढे लिहायची.

दमले असं म्हणायची नाही. "बसते जरा" म्हणायची आणि उभीच राहायची.

आणि आकडा लिहिला की पुढे एकक लिहायची. दूधवाल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा. "उद्या १" असं नाही. "उद्या १ लिटर." कोणी "किती?" म्हटलं की उलट विचारायची, "कशात?" एकदा डॉक्टरने वय किती म्हणून विचारलं, तेव्हाही तोंडून तेच निघालं. डॉक्टर हसला. ताईला ते उशिरा कळलं, बसमध्ये. मग ती एकटीच हसली आणि शेजारच्या बाईने पर्स जवळ ओढली.

ती इस्पितळाच्या तळघरात काम करायची. कर्करोगाच्या रुग्णांना किरण देणारं कोबाल्टचं मशीन तिथे होतं. मशीनभोवती माणसाचा हात पुरणार नाही इतक्या जाड भिंती. किरण त्या भिंतींच्या आत राहतात का, बाहेर किती झिरपतात, हे मोजायचं तिचं काम. मीटर घेऊन भिंतीपाशी उभं राहायचं आणि आकडा वहीत लिहायचा. एकतीस वर्षं तिने तेच केलं. विभागात तिला मीटरताई म्हणत. घरी नुसती ताई. घर धाकट्या बहिणीचं होतं. मागची खोली ताईची. तिने लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारणारी माणसंही एव्हाना म्हातारी झाली होती.

निवृत्तीला चार महिने राहिले तेव्हा पत्र आलं. मशीन काढायचं ठरलं होतं. त्याच्या पोटातला कोबाल्ट सोळा वर्षांपूर्वी बसवलेला. कोबाल्टचं बळ दर सव्वापाच वर्षांनी निम्मं होतं. हे तीनदा निम्मं झालं होतं. पूर्वी ज्या रुग्णाला दोन मिनिटं पुरायची, त्याला आता सोळा मिनिटं हलल्याशिवाय पडून राहावं लागे. मशीन जाण्याआधी त्याच्या सगळ्या जुन्या नोंदी एकाच एककात हव्या होत्या.

विभागाचे साहेब ताईपेक्षा वयाने बरेच लहान. ते दारातच उभे राहिले.

"मीटरताई, सगळं मायक्रोग्रे प्रति तासमध्ये लागेल."

"सगळं म्हणजे कधीपासून?"

"सुरुवातीपासून."

"सुरुवातीला तुम्ही चड्डीत होतात, साहेब."

"म्हणूनच तुमच्याकडे आलो."

"संगणकावर टाकतील की कोणीही."

"अक्षर तुमचं आहे," साहेब म्हणाले. "ते तुमच्याशिवाय कोणाला लागतंय?"

ताईने वह्या काढल्या. अकरा होत्या. तळघराला खिडकी नव्हती. नळीदिव्याखाली बसून ती एकेक पान करू लागली. जुने मीटर किरणांचं माप मिलिरॅडमध्ये दाखवायचे, नवे मायक्रोग्रेमध्ये. मिलिरॅडच्या आकड्याला दहाने गुणलं की मायक्रोग्रे मिळतात. एवढंच काम. पण ते नऊ हजार वेळा करायचं होतं. दुपारपर्यंत मान धरायची. संध्याकाळी बसमध्ये तिला बाहेरच्या पाट्यांवरचे आकडेही दहाने गुणलेले दिसायचे.

एक शिकाऊ नर्स तिच्याशेजारी डबा खायला बसायची. तिने एकदा विचारलं, "शंभर रॅडचा एक ग्रे ना? मग भागायचं सोडून तुम्ही गुणता कशा?"

"शंभराने भाग. ते झाले मिलिग्रे. मग मायक्रो करायला हजाराने गुण. हातात काय राहिलं?"

"दहा."

"मग जेव आता."

"आणि ते प्रति तास?"

"तो वेग. बस किती वेगाने चाललीय ते. तू कुठवर पोचलीस, ते तू बसमध्ये किती वेळ बसलीस त्यावर."

"मी तर रोज उभीच असते," नर्स म्हणाली.

सातवी वही पातळ होती. सोळा वर्षांपूर्वीची. त्या वर्षी मशीनमध्ये नवा कोबाल्ट आला, आणि त्याच वर्षी पहिला नवा मीटरही. छापील वह्या संपल्या होत्या, म्हणून ताईने साध्या वहीत हाताने रेघा मारल्या होत्या. तारीख, जागा, आकडा, सही. ही वही एकाच भिंतीची होती. त्या भिंतीतून एक नळी गेलेली, तिच्या कडेने किरण झिरपू शकत, म्हणून भिंतीवर वेगळी नजर ठेवायची होती. आठवड्याला एक नोंद. एकूण एकसष्ट. बहुतेक ठिकाणी ०.४. मधेच कुठे ०.३.

एकक कुठेच नव्हतं.

ताईने पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं. वही उलटी धरून झटकली. जणू एकक पानांत अडकलं असेल आणि खाली पडेल.

तेव्हा दोन्ही मीटर एकाच फडताळात असायचे. नवा सारखा तपासणीला जायचा. जो हाताला लागेल तो घेऊन ती जायची. दुसरी मोजणारी नोकरी सोडून गेली होती, दोघींचं काम ताईच्या गळ्यात पडलं होतं. आकडे सगळे सारखेच, म्हणजे त्या भिंतीशी मीटर एकच गेला होता; पण दोघांतला कुठला, हे तिला आठवेना. मीटरांच्या तपासणीची फाईल केव्हाच रद्दीत गेली होती. आकडा लिहिताना तिला वाटलं असणार, एकक काय, ते तर माहीतच आहे. त्या दिवशी ते माहीतच होतं.

त्या भिंतीपलीकडे गाऊनची खोली होती. रुग्णांना घालायचे गाऊन तिथे यायचे, घड्या होऊन जायचे. घड्या घालायला धाकटी होती. तिला ती नोकरी ताईनेच मिळवून दिली होती. तिची खुर्ची त्याच भिंतीला टेकलेली.

त्या वर्षी धाकटीला दिवस गेले होते. सहाव्या महिन्यात ती ताईकडे आली होती.

"ताई, मला वरच्या मजल्यावर बसव ना. बायका काय काय बोलतात."

ताई कामात बुडालेली. तिने वही उघडून धाकटीपुढे धरली. "हे बघ. शून्य पूर्णांक चार. यात काही नाही. मी स्वतः मोजते."

धाकटीने बघितलं आणि परत गेली. सातव्या महिन्यात मूल गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. धाकटी त्या खोलीत पुन्हा आली नाही. नंतर दिवसही गेले नाहीत. घरात तो विषय निघत नसे. सोळा वर्षं एका छपराखाली राहून निघाला नाही.

आता ताई वही पुढ्यात घेऊन बसली होती. ०.४ मायक्रोग्रे असतील तर तिने धाकटीला खरं सांगितलं होतं. नुसत्या मोकळ्या जागेतसुद्धा ०.१ असतंच. ०.४ मिलिरॅड असतील तर ते चार मायक्रोग्रे. दहापट. आणि तसं होतं, तर तिने आपल्याच वहीतला आपलाच आकडा चुकीच्या एककात वाचला होता. नीट वाचला असता तर धाकटीला त्याच दिवशी वर पाठवलं असतं.

तिने त्या पानावर पेन्सिलीने टिंब केलं आणि वही मिटली. बाकीच्या चार वह्या पूर्ण केल्या. सातवी तशीच राहिली. तीन आठवडे ती जेवताना बोलली नाही. धाकटीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. घरात बोलायचं काम त्याचंच.

"ताई, आमची लिफ्ट अडकली की आत बारा माणसं बोंबलतात," तो म्हणाला. "तुमचं काय अडकलंय ते कळायला आम्ही काय करायचं?"

"काही नाही."

"किती काही नाही?"

एरवी तिने "कशात?" म्हणून विचारलं असतं. त्या दिवशी ती उठून हात धुवायला गेली. नवऱ्याने धाकटीकडे बघितलं. धाकटीने खांदे उडवले.

बुधवारी शेवटचा रुग्ण होता. गुरुवारी मशीन काढायला माणसं येणार होती. सोमवारी ताईला सुचलं की भिंत अजून जागेवर आहे. कोबाल्टही तोच आहे. तेव्हा चार मायक्रोग्रे असतील, तर तीनदा निम्मे होऊन आणि मोकळ्या जागेचा ०.१ धरून आज ०.५९ दिसायला हवेत. तेव्हा ०.४ असतील, तर आज जेमतेम ०.१४. तिने दोन्ही आकडे एका पाकिटामागे लिहिले. एककासकट.

हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. एकतीस वर्षं मोजणाऱ्या बाईला तीन आठवडे लागले. सुचलं नव्हतं की सुचू द्यायचं नव्हतं, याचा तिने विचार केला नाही. तेवढं त्राण नव्हतं.

मंगळवारी दुपारी ती शिपायाला घेऊन गाऊनच्या खोलीत गेली. शिपायाला सगळे मामा म्हणत. खोलीत आता मोडक्या खुर्च्या होत्या, आणि भिंतीला लावलेलं एक लोखंडी कपाट.

"मामा, कपाट बाजूला घ्या."

"कशाला?"

"भिंत बघायचीय."

"भिंतीत काय बघायचं असतं? ती आहे तिथेच आहे." पण त्यांनी कपाट सरकवलं. मागे कोळ्यांचं राज्य होतं.

त्यातल्या त्यात धड खुर्ची ताईने भिंतीला लावली आणि बसली. मीटर मांडीवर घेतला. मशीन बंद होतं. ०.१०. भिंतीपलीकडे एक निवृत्त टपालवाला टेबलावर झोपवला जात होता. बोळापलीकडे मशीनच्या दारावरचा लाल दिवा लागला.

०.५५. ०.६१. ०.५८.

ती सोळा मिनिटं बसून राहिली. मामा दारात उभे होते. आकडा कधी साठला जायचा, कधी सत्तावन्नला यायचा. चौदाच्या आसपास एकदाही आला नाही. दिवा विझला तसा आकडा झपकन ०.१०वर आला. नळीतून टपालवाल्याचं खोकणं ऐकू आलं, कोणीतरी त्याला उठून बसायला सांगितलं.

"झालं?" मामांनी विचारलं.

"झालं."

"कपाट परत लावू?"

"राहू दे तसंच."

एवढ्या किरणांनी पोटातल्या बाळाला काही होतं का, हे वर जाऊन तिने साहेबांना विचारलं, मग बाळंतपणाच्या डॉक्टरबाईंना. नावं घेतली नाहीत. एका बाईबद्दल विचारतेय, म्हणाली. डॉक्टरबाईंनी कागदावर गणित करून दाखवलं. ते ताईने बसमध्ये आधीच केलेलं होतं.

त्या संध्याकाळी धाकटी शाळेच्या शर्टांना काजं करत होती. शिवणयंत्राशेजारी पांढऱ्या शर्टांचा ढीग. नवरा जेवून गॅलरीत रेडिओ दुरुस्त करत बसलेला.

"यंत्र थांबव जरा," ताई म्हणाली.

धाकटीने पाय काढला.

"गाऊनच्या खोलीतला आकडा. मी तुला वहीत दाखवलेला. तो मी चुकीचा वाचला होता."

धाकटीने सुई वर घेतली, शर्ट सोडवला, घडी घातली. मग म्हणाली, "किती होता?"

"दहापट."

"म्हणजे खूप?"

"वेग दहापट. पण मशीन दिवसभर चालू नसायचं. चाळीस रुग्ण, दोन-दोन मिनिटं. सात महिन्यांचे दोनशे तेहतीस तास होतात. सगळं मिळून एक मिलिग्रेला थोडं कमी. पोटातल्या बाळासाठी हद्द एक मिलिग्रेची आहे."

"म्हणजे हद्दीच्या आत."

"आत. काठावर."

"त्याने गेलं का?"

"नाही. डॉक्टरबाईंना विचारून आले. शंभरपट असतं तर शंका घेता आली असती, म्हणाल्या."

"मग मला कशाला सांगतेस?"

"मी म्हटलं होतं, काही नाही. आणि काहीतरी होतं."

गॅलरीतला रेडिओ खरखरत होता, तो थांबला.

धाकटीने पुढचा शर्ट घेतला, पण यंत्राखाली घातला नाही. "तू वही दाखवलीस तेव्हा मला काय डोंबल कळलं होतं? मी काय आकडा बघून बसले नव्हते तिथे. वर जायचं तर रोज तीन जिने चढायचे. तेही नको होतं. म्हटलं, ताई म्हणतेय ना, राहू दे."

"तेच तर."

"तेच काय?"

"ताई म्हणतेय, म्हणून."

धाकटीने शर्टाची कॉलर सरळ केली. मग पुन्हा केली. "इतकी वर्षं मला वाटायचं, तुला काहीतरी माहीत आहे आणि तू सांगत नाहीस," ती म्हणाली. "तू माझ्यासमोर कधी बाळांचं नाव काढायची नाहीस. मला वाटायचं, म्हणून काढत नाही."

"मला माहीत नव्हतं."

"आता कळलं ना मला."

मग तिने विचारलं, "ती ओळ आहे अजून?"

"कुठली?"

"तू मला दाखवलीस त्या आठवड्याची."

"आहे."

"तिथे काय लिहिणार?"

"चार. मायक्रोग्रे प्रति तास."

"तेवढी ठेव. मी आल्याशिवाय लिहू नकोस. मला बघायचीय तू लिहिताना."

"कधी येतेस?"

"हे शर्ट शुक्रवारी द्यायचेत. देऊन येते. वाटेवरच आहे."

"तळघरात उतरावं लागेल."

"माहितीये मला तळघर," धाकटी म्हणाली आणि यंत्रावर पाय ठेवला.

नवरा आत आला. त्याने काही विनोद केला नाही. सकाळची बशी गोळीसकट ताईपुढे ठेवली आणि पाण्याचा पेला ठेवला.

"घेते," ताई म्हणाली.

सकाळी बशीत दोन गोळ्या होत्या.

बुधवारी तिने सातवी वही लिहिली. प्रत्येक ओळीपुढे बदललेला आकडा, त्यापुढे एकक, आणि त्यापुढे बारीक अक्षरात: मूळ नोंद मिलिरॅड प्रति तासमध्ये. एकक लिहायचं राहिलं. चूक माझी. खाली सही. साहेबांनी वाकून बघितलं.

"मीटरताई, हे प्रत्येक ओळीत कशाला? शेवटी एकदा लिहा."

"प्रत्येक ओळीत मोजलं होतं, साहेब."

साहेबांनी पान उलटलं. "ही एक राहिलीय."

"ती शुक्रवारी."

"शनिवारी वह्या जायच्यात."

"शुक्रवारी होईल."

दुपारी टपालवाल्याला शेवटची सोळा मिनिटं दिली. उठताना तो म्हणाला, आता याच्याविना करमायचं नाही. सगळे हसले. ताईने शेवटचा आकडा घेतला, लिहिला आणि पेन कानामागे खोचलं.

गुरुवारी सकाळी मशीन काढणारी माणसं आली. दार उघडं ठेवून काम चाललं होतं, म्हणून ताई मीटर घेऊन बोळात उभी होती. दर पंधरा मिनिटांनी आकडा सांगायचा होता. तीनदा सांगितला. मग मामांना म्हणाली, "बसते जरा." आणि बसली. मामांना ते खटकलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. तसं म्हणून मीटरताई कधी बसत नसत.

साहेबांनी आतून विचारलं, "मीटरताई, किती?"

उत्तर आलं नाही.

त्या इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर डॉक्टर होते. दोन मिनिटांत सहा जण खाली आले. मेंदूतली रक्तवाहिनी, ते म्हणाले. कोणाच्या हातात काही नव्हतं. मीटर तिच्या मांडीवर होता, चालू. ०.१०.

धाकटी तळघरात आली ती दहा दिवसांनी. ताईच्या वस्तू न्यायच्या होत्या. चष्मा, जादाच्या चपला, डबा, पेनं. पेनं सतरा निघाली. मामा तिला वाट दाखवायला पुढे झाले, पण तिला वाट माहीत होती. गाऊनच्या खोलीशी ती थांबली. दार उघडं होतं. कपाट मधेच, आणि भिंतीला लावलेली एक खुर्ची.

साहेबांनी वह्या पाठवलेल्या नव्हत्या. सातवी त्यांनी उघडून टेबलावर ठेवली. धाकटी उभ्यानेच वाकली. साठ ओळी भरलेल्या. साठ वेळा चूक माझी. मधली एक रिकामी.

"मी भरू शकतो," साहेब म्हणाले. "आकडा स्पष्ट आहे. किंवा तुम्हाला वाटलं तर तुम्ही सांगा, मी लिहितो."

धाकटीने त्या ओळीवर बोट ठेवलं. "अक्षर तिचं आहे," ती म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. वह्यांसोबतच्या पत्रात त्यांनी लिहिलं की एक नोंद बाकी आहे.

ती ओळ तशीच गेली. तारीख. गाऊनची खोली. ०.४. सही. पुढे पेन्सिलीचं बारीक टिंब.